‘दुय्यम’ नको, मग काय? पूरक, जोड, पोट, साथ… नेमका शब्द हवा आहे

ओवी

नमस्कार मंडळी,

अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्या प्रशिक्षणासाठी एक पुस्तिका मराठीत आणायचं काम सध्या माझ्याकडे आहे. मूळ मजकूर इंग्रजी. पहिला खर्डा मागच्या महिन्यात झाला आणि एका तालुक्याच्या गावी दहा-बारा बायकांना वाचायला दिला. तिसऱ्या पानावर माझं वाक्य होतं, ‘अंगणवाडीतील दुय्यम कर्मचारी म्हणून मदतनिसाची कामे पुढीलप्रमाणे.’

वाचता वाचता एक मदतनीस उठल्या. पन्नाशीच्या असतील. पान घेऊन माझ्यापाशी आल्या, ‘दुय्यम’वर बोट ठेवलं. नखाच्या कडेला हळद होती. म्हणाल्या, “ताई, सकाळी कुलूप मी उघडते. पोरं घरोघर जाऊन मी गोळा करते. खिचडी मी शिजवते, भांडी मी घासते. हा शब्द कुणासाठी लिहिलाय?” आवाज जराही चढला नव्हता. मला उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन सगळा खर्डा पुन्हा चाळला. ‘दुय्यम’ अकरा ठिकाणी निघाला. मुळात तिथे सपोर्टिंग, सेकंडरी, सप्लिमेंटरी, कॉम्प्लिमेंटरी, ऑक्झिलरी, अ‍ॅन्सिलरी असे निरनिराळे शब्द होते आणि मी ते सगळे दुय्यम, सहायक, पूरक या तीन खुंट्यांवर टांगून मोकळी झाले होते. शब्दकोशात पुढचे शब्द आहेतच. गौण, आनुषंगिक, उपांग, अवांतर. पण कोश शब्द देतो, तो कुठे शोभतो ते देत नाही.

म्हणून विचारते आहे. तुमच्या कामात, घरात, गावात मुख्य गोष्टीच्या बाजूला, खाली, मागे, पोटात जे काही असतं त्याला तुम्ही काय म्हणता? कोशातला शब्द नको, तोंडातला हवा.

अनुस्वार

चांगला विषय. आधी एक शुद्धलेखनाचं, कारण पुस्तिका छापली जाणार आहे. ‘सहाय्यक’ लिहू नका. ‘सहायक’ लिहा, नाहीतर ‘साहाय्यक’ लिहा. मूळ शब्द ‘सहाय’, त्यावरून भाववाचक ‘साहाय्य’. ‘सहाय्य’ ही दोन्हींची भेसळ आहे आणि ती आता सरकारी फलकांवरही दिसते.

आता अर्थ. सहाय म्हणजे बरोबर चालणारा. ‘सह’ आणि जाणे या अर्थाचा धातू मिळून तो शब्द झाला. त्यात खालचा-वरचा असा भाव मुळीच नाही, वाट एकच आणि चालणारे दोघं. नोकरशाहीने तो पदाच्या शिडीवर नेऊन बसवला तेव्हापासून तो ‘खालचा’ वाटायला लागला. तुमच्या मदतनीस बाईंना ‘सहायक’ बोचला नसता असं मला वाटतं.

सातबारा

मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. ओवीताई, तुमच्या मदतनीस बाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, ‘दुय्यम’ हा अपमानाचा शब्द नाही. फारसीतला सरळ क्रमवाचक शब्द आहे, अव्वलनंतरचा. जुन्या कागदांत जमिनीची प्रत लावताना अव्वल, दूम, सीम असंच लिहीत. आजही खरेदीखत नोंदवायला आपण दुय्यम निबंधकाकडेच जातो. त्याच्या दारावर ही अक्षरं मोठ्या रंगात लिहिलेली असतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. शहरात तर ‘सह दुय्यम निबंधक’ असतात, म्हणजे तुमचे दोन्ही शब्द एकाच पाटीवर. पीएसआय व्हायला मुलं रात्र रात्र अभ्यास करतात, ती परीक्षा कित्येक वर्षं ‘महाराष्ट्र दुय्यम सेवा’ याच नावाने झाली.

तहसीलमध्ये नायब तहसीलदार असतो. नायब म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा. वरचा रजेवर गेला तर सही कुणाची चालेल, हे त्या शब्दात आहे. सहायक त्या जागी उभा राहत नाही. हा फरक आम्हाला रोज लागायचा.

पण मला खरा जीव लागला तो ‘पोट’ला. सातबाऱ्यावर पोटखराबा असतो, म्हणजे गटातलं लागवडीला न येणारं क्षेत्र. ते गटाबाहेर नसतं, गटाच्या पोटातच असतं. तसेच पोटहिस्सा, पोटनियम, पोटकलम, पोटभाडेकरू, पोटनिवडणूक. घरात पोटमाळा. कालव्याच्या भाषेत चारी आणि तिच्यातून निघणारी पोटचारी. पोटातलं काढून बाजूला ठेवता येत नाही, हे त्या शब्दांत आपोआप येतं. मुख्य विषयाच्या आतले छोटे विषय असतील तर ‘उपविषय’ करत बसू नका, ‘पोटविषय’ लिहा.

ओवी

सातबारा काका, पटलं आणि नाहीही पटलं. निबंधकाच्या दारावर ‘दुय्यम’ असतो तेव्हा त्याच्या हातात शिक्का असतो. शिक्का असलेल्याला क्रमांक बोचत नाही. माझ्या पुस्तिकेतल्या बाईच्या हातात पळी आहे.

पण ‘पोट’ लगेच घेतला. चार मथळे आत्ताच बदलले.

साक्षीपुरावा

वकिलीतलं एक उदाहरण देते, म्हणजे गुंता कुठे आहे ते दिसेल. कायद्यात प्राथमिक पुरावा आणि दुय्यम पुरावा असे दोन प्रकार. १८७२ च्या कायद्यात होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहेत. मूळ दस्तऐवज कोर्टापुढे आला तर तो प्राथमिक. मूळ हरवला, जळाला, दुसऱ्याच्या ताब्यात आहे, तर त्याची नक्कल दुय्यम. म्हणजे दुय्यम पुरावा मुख्य पुराव्याच्या शेजारी उभा राहत नाही, तो त्याच्या ऐवजी येतो.

आता समजा साक्षीदार सांगतो, मी त्याला रात्री विहिरीजवळ पाहिलं. आणि विहिरीजवळ त्याची चप्पल सापडते. ती चप्पल दुय्यम पुरावा नाही. ती साक्षीला पुष्टी देणारा पुरावा आहे. इंग्रजीत बोलताना अशील दोन्हींना ‘सपोर्टिंग’ म्हणतात आणि मग अर्ज चुकीचा लिहिला जातो. मी माझ्या ज्युनिअर मुलींना एकच प्रश्न विचारायला सांगते. हे मूळच्या जागी आलंय की मूळच्या जोडीला?

ओवी

‘मूळच्या जागी की मूळच्या जोडीला.’ लिहून भिंतीवर लावते. अकरापैकी दोन जागा सुटल्या. मुळात ‘सेकंडरी इन्फेक्शन’ होतं, गोवर झाल्यावर मागून होणारा न्यूमोनिया वगैरे. तिथे दुय्यम संसर्ग बरोबरच आहे, तो क्रमाने दुसरा येतो. माझी चूक शब्दात नव्हती, तो सगळीकडे वापरण्यात होती.

गणितमास्तर

सेकंडरीवरून आठवलं. शाळेत आपण सेकंडरीला ‘दुय्यम’ केलं नाही, ‘माध्यमिक’ केलं. दुय्यम शाळेत कोण मुलाला घालणार? प्राथमिक आणि पुढचं यांच्या मधली ती माध्यमिक. ज्या कुणी हा शब्द रुजवला त्याने क्रमांक न बघता जागा बघितली.

चित्रकलेच्या तासाला मात्र दुय्यम रंग असतात. नारिंगी, हिरवा, जांभळा. दोन मूळ रंग मिसळून झालेले. तिथेही तक्रार नाही.

आणि ‘पूरक’ जपून वापरा. आमच्या गणितात दोन कोनांची बेरीज १८० अंश झाली तर ते पूरक कोन, ९० अंश झाली तर कोटिकोन. हिंदीत ९० वाल्याला पूरक म्हणतात आणि १८० वाल्याला संपूरक. हिंदी पुस्तकावरून मराठी करणारे इथे हमखास घसरतात, मी तीन गाईडांत ही चूक दुरुस्त केली आहे. ‘पूरक’ म्हणताच काहीतरी पुरं होतंय, भरून निघतंय असा शब्दाचा करार आहे. जे नसलं तरी मूळ गोष्ट पुरीच असते, त्याला पूरक म्हणू नये. ती ‘पुरवणी’. परीक्षेत पुरवणी दोऱ्याने मूळ उत्तरपत्रिकेला बांधतात ना, तशी.

उंबरठा

ओवी, तुझ्या यादीत सप्लिमेंटरी आणि कॉम्प्लिमेंटरी दोन्ही आहेत म्हणजे तू नक्की ‘पूरक’ दोनदा लिहिलं असणार. अंगणवाडीत याच शब्दाने घोळ होतो. मी पर्यवेक्षिका होते, डोळ्यांनी पाहिलंय.

एक आहे पूरक पोषण आहार. तो सरकार देतं. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना, गरोदर आणि स्तनदा मातांना. वर्षातून ३०० दिवस. माझ्या वेळी सर्वसाधारण मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं त्याचं माप होतं. घरच्या जेवणात जे कमी पडतं ते यातून द्यायचं. दुसरा आहे तो पूरक आहार, म्हणजे बाळ सहा महिन्यांचं झालं की आईच्या दुधाच्या जोडीला घरात सुरू करायचं मऊ अन्न. कागदावर दोन्ही पूरक. एका बैठकीत नवी सेविका मातांना सांगत होती, “सहा महिने पुरे झाले की पूरक आहार सुरू करा,” आणि समोरची आई म्हणाली, “हो ताई, पाकीट मिळालं की करते.” घरात भात होता, वरण होतं, केळं होतं. ती पाकिटाची वाट बघत होती, कारण ‘पूरक’ म्हणजे पाकीट हे तिच्या डोक्यात बसलं होतं. बाळ साडेसात महिन्यांचं.

त्या दिवसापासून मी मातांशी बोलताना तो शब्द सोडला. आपल्या आज्या काय विचारायच्या? “बाळाला वरचं चालू केलं का?” वरचं दूध, वरचं खाणं. उष्टावण झालं की वरचं सुरू. आईचं दूध चालूच आहे आणि हे त्याच्या वर, हे त्या एका शब्दात प्रत्येक बाईला कळतं. ‘वरचा आहार’ लिही. काही आरोग्य पत्रकांतही तसंच लिहितात.

ओवी

उंबरठाताई, काय सांगू. खर्ड्यात पान २२ आणि पान २३ समोरासमोर आहेत. दोन्हींवर ‘पूरक आहार’. एक पाकिटाचा, एक आईच्या घरचा. तुम्ही हे लिहिलं नसतं तर ते तसंच छापून गेलं असतं.

पान २३ आता ‘वरचा आहार’.

ठेका

मी तबला वाजवतो, म्हणजे आयुष्यभर ‘सपोर्टिंग’च. पण आमच्याकडे हा शब्दच नाही. आम्ही साथ करतो. ‘आज साथीला कोण आहे?’ हा मैफलीआधीचा पहिला प्रश्न असतो आणि तो गाणाराच विचारतो. साथ चांगली नसली तर गाणाऱ्याचा विलंबित ख्याल उभा राहत नाही. उस्ताद अहमदजान थिरकवा गंधर्व नाटक मंडळीत साथीला होते. बालगंधर्व गायचे आणि थिरकवा वाजवायचे. मंडळीत ते दुय्यम होते असं कुणी लिहून दाखवावं.

साथ म्हणजे मागे मागे जाणं नव्हे हे शिकायला मला दहा वर्षं लागली. गुरुजी म्हणायचे, समेवर आधी पोचू नकोस आणि नंतरही पोचू नकोस. त्या दोन्हींच्या मध्ये केसाएवढी जागा असते, तिथे बसायचं.

तानपुऱ्यात चार तारा. मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात. बघा, ‘जोड’ तिथे सगळ्यात महत्त्वाच्या स्वरावर आहे. सतारीला आणि सारंगीला खाली तरफेच्या तारा असतात. त्यांना सहसा बोट लागत नाही, गजही लागत नाही. वरच्या तारेवर स्वर लागला की त्या आपोआप झंकारतात. जे स्वतः पुढे येत नाही पण ज्याच्यामुळे पुढचं घुमतं, त्याला ‘तरफेचं’ म्हणावं असं मला फार वाटतं. तुमच्या पुस्तिकेत चालणार नाही, पण मनात ठेवा.

डफावर_थाप

ठेका यांच्याशी सहमत. शाहिराच्या मागे झीलकरी असतात. शाहीर कडव्याचा शेवट टाकतो आणि ते झील धरतात, ‘जी जी रं जी’. तेवढ्यात शाहीर दम घेतो. झील पडली तर पोवाडा पडतो. वारकरी कीर्तनात टाळकरी तसेच. बुवा निरूपणात रंगलेले असतात, ते अभंगाच्या चरणावर आले रे आले की मागचे चाल उचलतात. कुणी खूण करावी लागत नाही.

आमच्या सांगलीकडे दुसऱ्याच्या म्हणण्यात आपला आवाज मिळवणाऱ्याला ‘री ओढतो’ म्हणतात, तो मात्र टोचणारा शब्द. झील धरणे आणि री ओढणे, काम जवळजवळ एकच, मान वेगळा.

कोरड्यास

नाव बघूनच कळलं असेल मी का आलोय. :)

आमच्याकडे कोल्हापूर-सोलापूर पट्ट्यात भाकरीबरोबर जे काही खायचं त्याला कोरड्यास म्हणतात. “कोरड्यास काय केलंय?” पिठलं असेल, आमटी असेल, भाजी असेल. भाकरी मुख्य, ती कोरडी, तिच्यासाठी हे. मला तरी हा शब्द असाच लागतो, की भाकरीची गरज काय आहे ते बघूनच त्याला नाव दिलंय. पुण्या-मुंबईकडे तोंडी लावणं. पण ‘तोंडी लावायला’ हे शब्द लोकांनी उगाच हलके केले, ‘तोंडी लावण्यापुरतं बोलले’ वगैरे म्हणून. जेवणात ते हलकं नसतं. नुसती ज्वारीची भाकरी तीन घास खाऊन दाखवा. मग ठेच्याची किंमत कळते.

ताटाची डावी बाजू पण आठवा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पंचामृत. उजवीकडे भाज्या. आई वाढताना डावी बाजू आधी वाढायची, वरण-भात नंतर. मापाने थोडं, पण वाढताना आधी.

मांडवी

आमच्या गोव्यात तोंडाक! आळसाण्यांचं तोंडाक, मुगांचं तोंडाक. तुमच्या तोंडी लावण्याचंच भावंडं असावं. पण आमच्याकडे ते बाजूला राहिलंच नाही, पावाबरोबर तेच जेवण झालं. आळसाण्यांचं तोंडाक असलं की पाव त्याच्या तोंडी लावायला.

बांबूबन

गडचिरोलीत वनहक्कांच्या कामात आहे. इथे कुणी ‘गौण’बद्दल अजून लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहितो, कारण या एका शब्दाने आमच्याकडे पिढ्यांचं नुकसान केलंय.

वनखात्याच्या कागदात सागवान हे प्रमुख वनोत्पादन आणि तेंदूपत्ता, मोह, डिंक, मध, लाख हे गौण वनोपज. कुणाच्या हिशोबाने गौण? खात्याच्या महसुलाच्या हिशोबाने. गावातल्या माणसाच्या घरात सागवान येतच नाही. त्याच्या घरात उन्हाळ्यात तेंदूचे पैसे येतात, त्यात पोरांची पुस्तकं आणि बियाणं येतं. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, दुपारी सावलीत बसून ७० पानांचा एक पुडा असे पुडे बांधायचे. घरातली म्हातारीसुद्धा बांधते, तिची बोटं मोजत नाहीत, जाडीवरून कळतं तिला सत्तर झाली ते. मोहाची फुलं त्याच्याही आधी, मार्च-एप्रिलला. घर ज्याच्यावर चालतं ते गौण, आणि जे बघायलाही मिळत नाही ते प्रमुख.

बांबूची गोष्ट तर आणखी. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला वृक्षात घातलं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने तोच बांबू गौण वनोपजात आणला आणि त्यामुळे तो गावाच्या हक्काचा झाला. म्हणजे इथे ‘गौण’ म्हटल्याने फायदा झाला! मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना खात्याच्याच हाती होता. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. शब्द कुठल्या यादीत बसतो त्यावर ट्रक नाक्यावर अडतो की सुटतो, हे आम्ही बघितलंय. खासगी जमिनीवरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून निघायला २०१७ उजाडलं.

गौण खनिजाचंही तेच. वाळू, मुरूम, दगड, माती. नदीकाठच्या माणसाला विचारा वाळू गौण आहे का.

ओवीताई, गौण हा शब्द वापरायचाच असेल तर पुढे ‘कुणासाठी’ हे लिहा. नाहीतर वापरू नका.

अनुस्वार

बांबूबन, प्रतिसाद अतिशय आवडला. व्याकरणातूनच त्याला एक जोड देतो. मिश्र वाक्यात एक प्रधान वाक्य असतं आणि बाकीची गौण. ‘त्याने फोनवर सांगितलं की आई गेली.’ यात प्रधान वाक्य कुठलं? ‘त्याने फोनवर सांगितलं.’ आणि ‘आई गेली’ हे गौण वाक्य. आठवीतल्या मुलांना हे शिकवताना एका मुलीने विचारलं होतं, “सर, आई गेली हे गौण कसं?” तिला मी सांगितलं की रचनेपुरतं गौण, अर्थाने नव्हे. ती ‘बरं’ म्हणाली, पण तिचा चेहरा पटल्यासारखा नव्हता. ती त्या वर्षीच आजोळी राहायला आली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून उदाहरण बदललं मी.

सहायक क्रियापदाचंही तसंच. ‘मुलं खेळू लागली.’ अर्थ ‘खेळू’मध्ये, पण ‘लागली’ काढून बघा. वाक्य पांगळं होतं.

पानमळा

शेतातलं सांगतो. पानवेलीला आधाराला शेवरी, हादगा, पांगारा लावतात. आधाराची झाडं आधी, वेल नंतर. शेवरीने सावली धरली की वेल चढते. कुणी विचारलं तर आम्ही पानमळा म्हणतो, शेवरीचं नाव घेत नाही. पण शेवरी वाऱ्याने पडली तर वेलीसकट पडते.

खांब-भिंतीला टेकू, धिरा. झाडाला आधार. बांधकामाला परांची, ती काम झालं की उतरवतात. मदतनीस बाई परांची नाहीत, शेवरी आहेत.

जुनी_बखर

थोडं अवांतर. (हा शब्द आपण इथे रोज वापरतो. मूळ अर्थ ‘मधे येणारं’, बाहेरचं नव्हे.)

सबसिडियरीला मराठीने इतिहासात एक वेगळाच शब्द दिला, तो विसरू नये. तैनाती फौज. इंग्रजांनी नाव दिलं ते खर्चावरून, फौजेसाठी संस्थानिकाने द्यायच्या पैशांवरून. आपल्या लोकांनी नाव दिलं ते फौज कुठे उभी आहे त्यावरून. तैनात म्हणजे सेवेला हजर. निजामाने १७९८ मध्ये ती स्वीकारली, दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ ला वसईच्या तहाने. फौजेच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. तैनातीला आली ती फौज आणि सोळा वर्षांत पेशवाईच गेली. शब्दात जो ‘सेवेला’ होता तोच मालक झाला. तेव्हा सेवा, साहाय्य असे शब्द बघताना खर्च कोण करतो आणि हुकूम कोणाचा, हेही बघावं.

गावगाड्यात बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार. ज्यांच्यावाचून शेती अडते ते बलुतेदार, बाकीचे अलुतेदार. ‘अलुते’ हा मला बलुत्याचा पडसाद वाटतो, भाकरीबिकरीसारखा. माणसांच्या आख्ख्या जातींना पडसादाचं नाव मिळालं याचं मला वाईट वाटत आलंय.

चाकं_चार

आमचा गॅरेजवाल्यांचा शब्द राहिला. स्टेपनी. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे, तिथे १९०४ मध्ये जादा चाक बनवायला सुरुवात झाली, त्यावरून. आपल्याकडे सगळे स्टेपनीच म्हणतात. साक्षीपुरावा ताईंच्या कसोटीने ती मूळच्या जागी येणारी. म्हणजे दुय्यम. मागच्या डिकीत हवा तपासून ठेवा, बाकी काही नाही.

नर्मदाकाठ

‘उप’वर कुणीच बोललं नाही म्हणून दोन ओळी. उपनदी, उपनगर, उपकेंद्र असं लिहिलं की लोकांना खालचं वाटतं. पण ‘उप’चा पहिला अर्थ जवळ. उपवास म्हणजे जवळ राहणं, उपनयन म्हणजे जवळ नेणं. मी उपकेंद्रात परिचारिका आहे. कागदावर आमचं केंद्र ‘उप’, सपाटीवर ५००० लोकांमागे एक आणि आदिवासी, डोंगरी भागात ३००० मागे एक. पण रात्री पोटात कळा सुरू झालेल्या बाईला जवळचं तेच असतं. उपनदीचंही बघा, भीमा कृष्णेची उपनदी म्हणून शाळेत पाठ केली, पण पंढरपूरला उभं राहून तिला उपनदी म्हणायला जीभ वळत नाही.

ओवी

तीन दिवस या धाग्यावर बसून आहे. सगळ्यांना एकेकाला उत्तर देणं जमलं नाही, राग मानू नये. केलेले बदल सांगते.

दुय्यम दोनच जागी उरला, दोन्हीकडे संसर्गाला. ‘सहायक’ ठेवला तो फक्त पदनामात, कारण सहायक परिचारिका प्रसाविका हे सरकारी नाव आहे, ते मी बदलू शकत नाही. ‘पूरक’ फक्त पोषण आहाराला. बाळाला ‘वरचा आहार’. उपविषयांचे पोटविषय झाले. सपोर्टिंग डॉक्युमेंट्सना आधी ‘सहायक कागदपत्रे’ लिहिलं होतं, आता ‘सोबत जोडायची कागदपत्रे’. गौण पूर्ण काढला.

तिसऱ्या पानावरचं वाक्य सहा वेळा लिहिलं. शेवटी ‘अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस दोघी मिळून काम करतात. मदतनिसाची कामे पुढीलप्रमाणे’ असं केलं. त्या बाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, “कुलूप उघडायचं पहिल्या नंबरावर घ्या. ते तुम्ही चौथं लिहिलंय.” घेतलं.

एक जागा अडलीय, पान ४१. मुळात अ‍ॅन्सिलरी आहे. वाक्य असं: ‘आहार शिजवताना चुलीजवळ ___ वस्तू ठेवाव्यात: सांडशी, झाकण, पळी, पाण्याचं भांडं, कोरडं फडकं.’ आनुषंगिक लिहिलं तर कुणी वाचणार नाही. जोडीच्या? लागणाऱ्या?

सातबारा

वरकड.

कोरड्यास

वरकड म्हणजे जास्तीचं, उरलेलं असा वास येतो काका. सांडशी नसली तर हात भाजतो.

उंबरठा

हाताशी.

‘चुलीजवळ हाताशी ठेवायच्या वस्तू.’ हाताखालच्या नाहीत, हाताशी. मदतनीस रोज तसंच म्हणते, “फडकं हाताशी दे गं.”

ओवी

हाताशी. घेतला. पान ४१ झालं, सोमवारी छपाईला जातंय.